वडिलांनंतर खात्यात येत राहिलेली पेन्शन: आधी परतफेड, मग वाटणी

वडील महिन्याच्या नऊ तारखेला जातात आणि महिना सरला की त्यांच्या खात्यात पूर्ण महिन्याची पेन्शन जमा होते. मेसेज त्यांच्याच फोनवर येतो. दवाखान्याची बिलं भागवायची असतात, दिवसांचा खर्च झालेला असतो, कार्डाचा पिन घरात कुणाला तरी ठाऊक असतो. पैसे काढले जातात. यात कुणाची बुद्धी वाईट नसते, पण पुढची बहुतेक गुंतागुंत इथूनच सुरू होते.

नियम सरळ आहे. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत मिळते, तो दिवस धरून. दुसऱ्या दिवसापासून पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं. त्यानंतरच्या दिवसांसाठी वडिलांच्या पेन्शनपोटी जे जमा झालं ते त्यांच्या मिळकतीचा भागच नाही, म्हणून वारसांत वाटायचा प्रश्नही येत नाही.

पेन्शन चालू का राहते? कोषागाराला किंवा बँकेला मृत्यूची बातमी आपोआप पोचेलच असं नाही. पकडलं जातं ते नोव्हेंबरात, हयातीचा दाखला आला नाही की. म्हणजे डिसेंबरात गेलेल्या माणसाची पेन्शन, कुणी कळवलंच नाही तर, जवळजवळ वर्षभर येत राहू शकते.

वसुलीचा आधार एका कागदात असतो. पेन्शन सुरू होताना बँक हमीपत्र लिहून घेते. जास्तीची रक्कम जमा झाली तर ती परत करीन, माझे वारसही बांधील राहतील, आणि बँकेने ती या खात्यातून किंवा बँकेत असलेल्या माझ्या इतर खात्यांतून व ठेवींतून वळती करून घ्यावी, असा त्याचा मजकूर असतो. त्यामुळे बचत खात्यात पैसे उरले नाहीत तर त्याच बँकेतल्या वडिलांच्या मुदत ठेवीला हात लागतो. ती ठेव भावंडांनी आधीच वाटून घेतली असेल तर मग घरात वाद.

आकड्यांत बघू. वडील ७६ वर्षांचे होते, पेन्शन महागाई भत्त्यासह ४२,००० रुपये. ९ जूनला गेले, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळवलं. तोवर जून, जुलै, ऑगस्ट असे १,२६,००० जमा झाले. देय होते जूनचे फक्त नऊ दिवस, म्हणजे १२,६००. परत करायचे १,१३,४००. आता दुसरी बाजू. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन वडिलांच्या शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांनी (वडिलांची पेन्शन त्याच्या निम्मी), म्हणजे या उदाहरणात महागाई भत्त्यासह २५,२०० धरू. १० जूनपासूनचे २१ दिवस म्हणजे १७,६४०, अधिक दोन महिन्यांचे ५०,४००, एकूण ६८,०४०. एकात एक वजा केलं तर घरातून खरोखर जायचे ४५,३६०. काही ठिकाणी ही वजावट करून देतात, काही ठिकाणी आधी पूर्ण भरणा मागतात आणि आईची थकबाकी मागाहून काढतात. नोटिशीत मात्र १,१३,४०० हाच आकडा दिसतो आणि आई हादरते. तिला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

करायचं काय? मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या. त्यापुढे विलंब शुल्क, ३० दिवसांपुढे लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखल्याच्या दहा प्रती एकदमच घ्या, त्या संपतात. मग एकच पत्र दोन ठिकाणी द्यायचं: बँकेच्या शाखेत आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ते जिल्हा कोषागार, मुंबईत वांद्र्याचं अधिदान व लेखा कार्यालय, गोव्यात पणजीचं लेखा संचालनालय. ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली, पेन्शन असेल तर भविष्य निर्वाह निधी कार्यालय. पत्रात पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, खाते क्रमांक आणि मृत्यूची तारीख लिहा, आणि पैसे काढलेले नसतील तर हे वाक्य जरूर घाला: 'या तारखेनंतर जमा झालेली रक्कम खात्यात तशीच ठेवली आहे, तिचा महिनावार हिशेब लेखी द्यावा.' दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

खातं बंद करायची घाई नको. आईचं नाव पीपीओत असेल आणि खातं दोघांचं संयुक्त असेल तर केंद्रीय पेन्शनमध्ये त्याच खात्यात तिचं निवृत्तिवेतन सुरू होऊ शकतं. त्यासाठी अर्ज, मृत्यू दाखला, पीपीओची प्रत, तिच्या वयाचा पुरावा आणि तिचं स्वतःचं हमीपत्र द्यावं लागतं. वारस प्रमाणपत्राची गरज नसते. कुणी मागितलं तर कोणत्या नियमाखाली ते लेखी विचारा.

पेन्शन विक्रीची, म्हणजे अंशराशीकरणाची, भीती अनेक घरांत असते. यात पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेतात आणि तो पंधरा वर्षं दरमहा कापला जातो. ती पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत वडील गेले तर उरलेली रक्कम आईकडून कापतील का? नाही. कुटुंब निवृत्तिवेतनातून ती कपात होत नाही. अशी कपात दिसली तर लगेच लेखी हरकत घ्या.

एक फरक पक्का ओळखा. मृत्यूनंतरच्या दिवसांपोटी जमा झालेल्या रकमेला बचाव नाही, ती द्यायचीच. पण कधी नोटिशीत वेगळंच असतं: वडील हयात असताना वेतननिश्चिती चुकली, म्हणून दहा वर्षांची जादा पेन्शन परत करा. इथे लगेच पैसे भरू नका. निवृत्त कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये रफिक मसीह प्रकरणात सांगितलं आहे. मात्र २०१६च्या जगदेव सिंग प्रकरणात, सुधारित वेतन घेताना परतफेडीचं हमीपत्र दिलं असेल तर वसुली मान्य केली. म्हणून आधी हिशेबाची आणि त्या हमीपत्राची प्रत मागा, मग वकिलाकडे जा.

वारसाने किती भरायचं? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५०प्रमाणे मृताविरुद्धच्या हुकूमनाम्यात वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरतीच. वडिलांकडून ३०,००० मिळाले तर ३०,०००पर्यंतच. पण मृत्यूनंतर ज्याने स्वतः एटीएममधून पैसे काढले, त्याला हा आडोसा मिळेल असं धरून चालू नये.

शेतकरी घरात पीएम-किसान असतं. वर्षाला ६,०००, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, वर राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी. मृत्यूनंतर आलेले हप्ते परत करायचे. पीएम-किसानच्या पोर्टलवर रिफंडची सोय आहे, पावती जपून ठेवा. सातबाऱ्यावर वारसनोंद वेळेत करून घ्या, कारण १ फेब्रुवारी २०१९नंतर नावावर आलेल्या जमिनीला हा लाभ नाही, पण वारसाहक्काने आलेली जमीन याला अपवाद आहे. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे पैसे येत असतील तर तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत दाखला द्या.

वाटणी यानंतर. नॉमिनीच्या हाती पैसे आले म्हणजे तो मालक झाला असं नाही, तो इतर वारसांच्या वतीने ते घेतो. म्हणून नॉमिनी असलेल्या भावाने किंवा बहिणीने परतफेडीची रक्कम आधी बाजूला काढावी, बाकीच्यांना हिशेबाचा कागद दाखवावा आणि मगच हिस्से करावेत.

प्राप्तिकराचं राहतंच. वडिलांचं शेवटचं विवरणपत्र वारसाने पोर्टलवर तशी नोंदणी करून भरायचं. त्यात पेन्शन धरायची ती मृत्यूच्या तारखेपर्यंतचीच. फॉर्म १६मध्ये परत केलेली रक्कमही मोजलेली दिसली तर परतफेडीचं चलन दाखवून तो दुरुस्त करून घ्या. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या विवरणपत्रात 'इतर उत्पन्न' म्हणून जातं आणि त्यावर एक तृतीयांश किंवा १५,००० रुपये, नव्या करपद्धतीत २५,०००, यांतली कमी असेल ती वजावट मिळते. ती मागायला विसरू नका.