नवा चाळीस हजारांचा, की जुना लाखाचा?

भाचीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरात लॅपटॉपवरून दोन तट पडले. तिला मॅकबुक एअर हवा. भावोजींचं म्हणणं, चाळीस हजारांत नवा कोरा मिळतो, मग लाख कशाला घालायचे? बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. "मामा, तुम्ही तरी सांगा की ओ पप्पांना."

मी दोघांनाही नाही म्हटलं. दुकानात पत्रिका छापायला येणारेही हेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

चाळीस हजारांच्या लॅपटॉपवर प्रोसेसर आणि रॅम मोठ्या अक्षरात लिहिलेले असतात, आणि ते खोटंही नसतं. कंपनी पैसे वाचवते ते पडद्यात, बिजागरीत, कीबोर्डात. पडद्याच्या माहितीत कुठंतरी बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी असं सापडतं. पडदा किती रंग दाखवतो त्याचं हे माप. एसआरजीबी, म्हणजे फोटो-वेबसाइटचे नेहमीचे साधे रंग, पुरे दिसायला हा आकडा ७२ च्या आसपास लागतो. पत्रिकेवरचा कुंकवाचा लाल अशा पडद्यावर विटकरी दिसतो, गिऱ्हाईक तोच नमुना मोबाईलवर बघतं आणि म्हणतं, "ओ, हा रंग न्हवं आमचा." बिजागरीचं तर विचारूच नका. तिचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रोवलेल्या पितळी नटांत बसवलेले. काही दिवसांनी नट उपटतात आणि झाकण उघडलं की कडेची फ्रेम फाकते. दुरुस्तीला असे लॅपटॉप किती येतात ते शेजारच्या दुकानदाराला विचारा.

मॅकची बाजू खरी भक्कम आहे, हे भावोजींना पटत नाही. २०२० साली ॲपलनं इंटेल सोडून स्वतःची एम१ चिप आणली, तेव्हापासून त्यांचा लॅपटॉप वीज फार कमी खातो. एअरला तर पंखाच नाही. बहिणीचं घर खानापूर तालुक्यात. तिथं जून-जुलैत एकदा झाड तारेवर पडलं की वीज कधी येईल ते हेस्कॉमचा लाईनमनही सांगत नाही. अशा गावात दिवसभर चालणारी बॅटरी ही चैन नव्हे. पण मार्च २०२५ मध्ये एम४चा एअर आला तो ९९,९०० रुपयांना, २५६ जीबीच्या साठ्यासह. ५१२ हवा तर तेव्हा वीस हजार जादा होते, आठ जीबी रॅम वाढवायची तर आणखी वीस हजार. दोन्ही बोर्डावरच पक्कं, नंतर वाढवायची सोय नाही. हा दर मला सरळ लूट वाटतो, आणि मॅक आवडणाऱ्यांनीही तसं म्हणायला हरकत नाही.

शिवाय तिची शाखा मेकॅनिकल. यंत्रांचे भाग कॉम्प्युटरवर रेखायचं सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं, आणि ॲपलच्या चिपवर विंडोज टाकायची बूटकॅम्पची जुनी सोय उरलेली नाही. कॉम्प्युटर सायन्स असतं तर मी कदाचित तिच्या बाजूनं भांडलो असतो. माझंही तसंच. मराठी टाईप करायच्या श्रीलिपी सॉफ्टवेअरची माझी प्रत जुनी, डोंगल म्हणजे परवान्याची किल्ली यूएसबीला लावल्याशिवाय उघडत नाही, कन्नड टाईप करायला नुडी. एका पत्रिकेत वरपक्ष बेळगावचा, वधूपक्ष धारवाडचा, दोन्ही लिप्या शेजारी शेजारी. २०२४ मध्ये कर्नाटकात पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा नियम कडक झाला तेव्हा तर नुसत्या पाट्यांचंच काम होतं. हे सगळं विंडोजवर बसलंय, तिथून मी हलत नाही.

मग काय घ्यायचं? महागच घ्यायचं, पण ज्याचे पैसे आधी दुसऱ्यानं भरलेत असं. मोठ्या कंपन्या लेनोव्होच्या थिंकपॅडसारखे लॅपटॉप भाड्यानं घेतात आणि तीन-चार वर्षांनी सोडून देतात. त्यातलाच २०१८ चा टी४८० आज पंचवीस हजारांच्या आसपास मिळतो. रॅमला दोन खाचा, कीबोर्ड दणकट, आणि एक बॅटरी आत, एक बाहेर. बाहेरची मशीन चालू असतानाच काढून दुसरी लावता येते. सॉलिडवर्क्समध्ये छोटे पार्ट रेखायला पुरतो. मोठ्या असेंब्लीला कॉलेजची लॅब आहेच.

बहीण म्हणाली, "जुनं आणायचं आणि खंडेनवमीला त्याचीच पूजा करायची होय?" दुकानातलं ऑफसेट मशीनही मी जुनंच आणलंय, त्याला दरवर्षी झेंडूची माळ पडते. भावोजींना मात्र किंमत ऐकून एकदम हुरूप आला.

आता फसायच्या जागा. टी४७० दिसायला जवळजवळ तसाच, पण त्यात इंटेलचा सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ ला आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे एका आकड्याच्या फरकात मशीन म्हातारं. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगला, आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, ते तिथंच बघा. जुना मॅकच घ्यायचा असेल तर इंटेलचा नको, २०२५ ची टाहो ही त्यांच्यासाठी शेवटची मॅकओएस. एम१ घ्या, पण विकणाऱ्यासमोरच सगळं पुसून, इंटरनेट जोडून, नव्यानं चालू करायला लावा. आधीच्या मालक कंपनीनं इंटरनेटवरून लावलेलं कुलूप असलं तर ते तेव्हाच पडद्यावर येतं. "घरी जाऊन निवांत करा की ओ" म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.