फिरून आलेलं वाण

काल इथे ग्वाल्हेरातच, छावनी भागात, हळदीकुंकवाला गेले होते. अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, त्यासोबत इथल्या रिवाजाप्रमाणे मुरैन्याच्या गजकचा, म्हणजे तिळाच्या खुसखुशीत मिठाईचा तुकडा, सगळं यथासांग झालं आणि वाण म्हणून माझ्या हातात माझीच पर्स आली. मी विणलेली. संक्रांतीला मीच लुटलेली.

दुसऱ्या कुणाची असेल असं म्हणायलाही जागा नाही. दुकानदार ज्याला ‘सरसों’ म्हणतो ती पिवळी लोकर शेवटच्या फेरीला संपली आणि टोपी बाजारात पुन्हा तो रंग मिळेना. म्हणून त्या एकाच पर्सच्या तोंडाला तपकिरी काठ घातला होता. तसली दुसरी नाही. ती कुणाला दिली तेही पक्कं आठवतंय, कारण काठ उठून दिसत होता म्हणून मुद्दाम बाजूला काढून ठेवली होती. वन्संसाठी.

मी काही बोलले नाही. “हातची आहे हो, क्रोशाची,” असं त्या घरच्या काकूंनीच मला सांगितलं. मी म्हटलं, “हो का?” आणि रुमालात गुंडाळून घरी आणली.

तशी ही रीत काही नवी नाही. कपाटावर वाणाची पिशवी नसलेलं मराठी घर आमच्या अख्ख्या लष्कर भागात सापडायचं नाही. आमचीही आहे. प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, गाळण्या, कुंकवाचे करंडे. आलेलं पुढे जातं, त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं, हे माईंनी मला लग्नाच्या पहिल्याच संक्रांतीला सांगितलं होतं. पण वाटी कारखान्यात होते. तिच्यासाठी रात्री साडेबारापर्यंत रजईतून हात बाहेर काढून कुणी बसलेलं नसतं. तेही ग्वाल्हेरच्या जानेवारीत.

बसायला कुणी सांगितलं होतं, असं हे म्हणतील. म्हणालेच.

कुणीच नाही. गणपतीत दाराला तोरण हवं एवढंच निमित्त होतं. साखळी, मुका खांब, खांब हे टाके माईंनी दाखवले, पुढचं मोबाइलवर बघून. तिथे वेगळाच गोंधळ. अमेरिकेतली बाई ज्याला सिंगल म्हणते त्याला इंग्लंडातली डबल म्हणते, म्हणजे आपला मुका खांबच. कुठल्या देशाची बाई बोलतेय हे आधी बघावं लागतं, नाहीतर विणलेलं निम्म्या उंचीचंच होतं. तोरण झालं, गणपती गेले, सुई काही हातातून सुटली नाही. समोरच्या भाभी सलाईवर स्वेटर विणतात, त्यांच्या सलाईवर शंभर-सव्वाशे फंदे एकाच वेळी जिवंत असतात. एक निसटला की धावपळ. क्रोशात जिवंत टाका एकच, बाकी सगळे मागे बांधले गेलेले. म्हणून कुठेही थांबता येतं, आणि कुठेही थांबता येतं म्हणूनच थांबवत नाही. ही एवढी फेरी. मग कुकरच्या शिट्ट्या आणि खांब यांची बेरीज होते, डाळ गळून जाते आणि अठराव्या खांबावर मला पाचवी शिट्टी लागते.

तळ गोल आणि सपाट यायला हिशेब असतो. सहा मुक्या खांबांनी सुरुवात, मग बारा, अठरा, चोवीस, दर फेरीला सहाच वाढवायचे. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. माझ्या एका झालरीचा फोटो बघून भाच्याने कळवलं, मामी, हे गणित आहे. कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना नावाच्या बाईंनी १९९७ मध्ये असंच, ठरावीक अंतराने टाके वाढवत, हायपरबोलिक प्रतल, म्हणजे झालरीसारखं सगळीकडे वळत जाणारं पृष्ठ, विणून दाखवलं. कागदाचं मॉडेल हाताळताना फाटायचं, हे फाटत नाही. मी ते घरात सगळ्यांना सांगितलं. हे म्हणाले, मग हिचं पायपुसणं करू नकोस.

तर वन्सं.

मला नेमकं काय लागलं हे कालपासून चाचपून बघतेय. नको होती तर नको. वस्तू दिली की आपला हक्क संपला, हे कळतं. पण दहा-बारा दिवस तरी? निदान रथसप्तमी जाऊ द्यायची. बाकीच्या बायकांनी पुढे सरकवली असती तर हसले असते. वन्संनी सरकवली, म्हणजे त्यांनी बघितली आणि ठरवलं. त्यांचं बघणं मला माहीत आहे. माझ्या हातची पुरणपोळी त्या अशाच उचलून उजेडात धरतात. असो, तो विषय नको.

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातला स्टॉलही आज उगाच आठवत राहिला. मेळ्यात गाडी घेतली की रोड टॅक्सला सवलत मिळते, त्यात कुणाला कोणती गाडी मिळाली ते हे मोजत होते, दरवर्षी मोजतात, घेत नाहीत. १९०५ मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी गुरांचा म्हणून हा मेळा सुरू केला तेव्हा तिथे गुरं बघत फिरणारे असेच असणार. मी कपड्यांच्या रांगेत होते. क्रोशाचे टॉप टांगलेले, पांढरे, किंमत अशी की माझी लोकरही तेवढ्यात येणार नाही. आधी वाटलं, मशीनचे असतील. मग उलटून बघितलं, खराखुरा खांब होता. अजून तरी खरा क्रोशा काढणारं मशीन बाजारात नाही, सलाईच्या विणीचं आहे. म्हणजे तो टॉप कुणीतरी बसून केलेला. आंध्रात नरसापूरकडे घरोघरी बायका क्रोशाची लेस करतात, २०२४ मध्ये त्या लेसला जीआय मानांकनही मिळालं, माल जहाजाने परदेशी जातो. तो टॉप तिकडचा होता की कुठला, देव जाणे. पण ज्या बाईने केला तिला तो पुन्हा दिसायचा नाही. कोण घालतं, कोण फेकतं, काही नाही. माझी निदान पाच गल्ल्या फिरून मला भेटायला आली.

हे लिहिताना हसू आलं खरं. दुपारी येत नव्हतं.

कारण दुपारी वन्संचा फोन आला. पर्स मांडीवरच होती. इकडचं तिकडचं झालं, थंडी, गुडघे, धाकटीचं स्थळ. मग आपणहून म्हणाल्या, “अगं, तुझी ती पर्स किती कामाची झाली! सुट्टे पैसे त्यातच ठेवते.”

मी म्हटलं, “हो ना? चेन अडकत नाही ना? मला त्याचीच धास्ती होती.”

“छे गं. अगदी सुरळीत.”

मीही विचारता विचारता चेन ओढली. खरंच सुरळीत होती. आणि आत अस्तर.

मी अस्तर लावलं नव्हतं. एकाही पर्सला नाही. खांबांमधून रुपयाचं नाणं निसटतं हे मला ठाऊक होतं, पण शिवणाचा कंटाळा म्हणून ते मी सोडून दिलं होतं.

“आतून कशी आहे?” मी विचारलं.

“आतून? आतून छानच आहे की,” वन्सं म्हणाल्या. म्हणजे त्यांनी उघडलीही नव्हती.

तेव्हा अस्तर वन्संचं नाही. त्यांच्या आणि छावनीच्या मध्ये कुणीतरी आहे. चंदेरीच्या ब्लाउजपीसचा तुकडा, मोतिया, जरीची बुट्टी नेमकी तळाच्या मधोमध, जिथे माझे पहिले सहा खांब आहेत तिथेच. कापड विणीपेक्षा किंचित लहान कापलंय, म्हणजे नाण्यांचं वजन कापडावर येईल आणि वीण ओघळणार नाही. तुरपाई इतकी बारीक की बाहेरून एक टाका दिसत नाही, तपकिरी काठाला तपकिरी धागा. माझ्या हातात पर्स आली तेव्हा मी बाहेरूनच ओळखली आणि बाहेरूनच रागावले.

आता वन्सं बाजूलाच राहिल्या. ही बाई कोण? हिने माझं काम इतकं निरखून बघितलं की कुठे कमी पडलं ते तिला कळलं. घरात कुणी एवढं बघितलं नाही. मग ठेवून का नाही घेतली? तासभर बसून अस्तर घालायचं आणि दुसरीला देऊन टाकायचं. कौतुक होतं की दुरुस्ती? का तिलाही माझ्यासारखंच, हातातलं पुरं झालं की त्यात जीव राहत नसेल? माझ्या पर्शी पुऱ्या झाल्यावर मी तरी कुठे बघत होते त्यांच्याकडे? चेन लावली की डब्यात, आणि नवी साखळी.

विचारता येईल. छावनीतल्या काकूंना फोन केला की एक घर मागे कळेल, तिथून आणखी एक. पण मग पर्स कुणाची होती हेही सांगावं लागेल, आणि दिवेलागणीपर्यंत ते वन्संकडे पोचेल. पुढच्या संक्रांतीला ही त्यांनाच पुन्हा द्यावी, असंही एकदा मनात आलं. बघू. वर्ष आहे.

संध्याकाळी ट्रंक काढली. ओटीत आलेले ब्लाउजपीस, कुणी कधी शिवत नाही, कुणी टाकतही नाही. पलंगभर पसरले. ह्यांनी दारातून विचारलं, “आता ब्लाउज शिवणार?” मी म्हटलं, “अस्तर.” ते जरा थांबले आणि बातम्या लावायला गेले.

टू बाय टूचे सुती तुकडे वेगळे काढलेत. पॉलिस्टरचे घसरतात, ते परत ट्रंकेत. तुरपाई मात्र माझी अशी येत नाही, टाके लांब पडतात. समोरच्या भाभी पूर्वी शाळेत शिवण शिकवायच्या, सकाळी ऊन आलं की गच्चीवर सापडतील. सुई नऊ नंबरची घ्यायची की दहा, तेही विचारायचंय.