दोन आया, एक जन्मदाखला आणि शाळेचा फॉर्म

आमच्या लेकीच्या जन्मदाखल्यावर एकच पालक आहे, आणि ती मी नाही. लेक माझ्या जोडीदाराच्या पोटची, अनामिक दात्याच्या मदतीने झालेली. घरात ती तिला आई म्हणते, मला माई. दाखल्यावर वडिलांचा रकाना रिकामा आहे आणि तो तसा मिळवायला फारसं भांडावं लागलं नाही. ६ जुलै २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की एकट्या आईने 'हे मूल माझ्या पोटचं' असं प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यायचा, बापाचं नाव विचारत बसायचं नाही. निकालाची प्रत आम्ही सोबत नेली होती. पालिकेतल्या बाईंनी ती वाचली नाही, जाडी मात्र बघितली.

खरा प्रश्न आला तो शाळेत घालताना. आमच्यासारख्या घरांतून मला अधूनमधून विचारणा होते, "तुम्ही कसं केलंत?" म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी एक शाळा पाहिली होती. नाव घेत नाही. पहिलीच्या प्रवेशाआधी तिथे आम्हा दोघींना समोर बसवून गोड आवाजात विचारलं गेलं की इतर पालकांना आम्ही काय सांगायचं. पुढे यादीत लेकीचं नाव आलं नाही, कारणही कळवलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमाने मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावायला बंदी आहे आणि पहिल्यांदा मोडलं तर २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. तक्रार करता आली असती. पण जिथे मूल रोज सहा तास सोडायचं, तिथे भांडून शिरायचं नाही, यावर आमचं दोघींचं लगेच एकमत झालं. एरवी एकमत व्हायला आम्हाला पडद्यांच्या रंगावरूनही आठवडा लागतो.

दुसरी शाळा मराठी माध्यमाची, जुन्या संस्थेची, जिन्याच्या लाकडी कठड्याला तेल चोपडलेली. इथे आम्ही फॉर्म भरण्याआधीच मुख्याध्यापिकाबाईंची वेळ मागितली आणि एक पानी पत्र नेलं. पत्रात आमच्या नात्याचा इतिहास नव्हता. घरात कोण कोण राहतं, लेक कोणाला काय म्हणते, शाळेतून तिला कोण नेईल, ताप आला तर फोन कोणाला करायचा आणि वर्गात कोणी विचारलं तर ती स्वतः काय उत्तर देते, एवढंच. हे पत्र करून न्या, असं मी प्रत्येकीला सांगते. समोरच्या माणसाला आपल्या आयुष्याबद्दल मत बनवण्याआधी काहीतरी काम मिळतं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून मला विचारलं, "ते सगळं ठीक. पण कायद्याने तुम्ही तिच्या कोण?"

खरं उत्तर असं की फारशी कोणी नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, आणि अविवाहित जोडप्यांना मिळून मूल दत्तक घेता यावं ही मागणी तीन विरुद्ध दोन अशी फेटाळली. म्हणजे मी जोडीदाराशी लग्न करून सावत्र आई होऊ शकत नाही आणि तिच्यासोबत तिच्या लेकीला दत्तकही घेऊ शकत नाही. पण आमच्या वकीलबाईंनी एक गोष्ट शोधून दिली होती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २ मध्येच दोन वेगळ्या व्याख्या आहेत. एक आई-बापाची: जन्मदाते, सावत्र किंवा दत्तक. दुसरी पालकाची, म्हणजे ज्या माणसाकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे ती व्यक्ती. कोर्टाने नेमलेला पालक त्यात येतो, पण तोच हवा असं तिथे लिहिलेलं नाही. वेण्या मी घालते, डबा मी भरते, गोवरची लस द्यायला मी घेऊन गेले होते. बाईंनी ते कलम स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला संस्थेला दाखवता येईल." त्यांना आमची बाजू पटली होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यांना दाखवता येण्यासारखं काहीतरी हवं होतं, आणि ते आमच्याकडे होतं.

ऑफिसात मात्र तासभर गेला. वडिलांच्या नावाशिवाय शाळेचं सॉफ्टवेअर पुढे सरकेना. कारकून काकांनी डॅश टाकून पाहिला, टिंब टाकून पाहिलं, मग वैतागून म्हणाले, "आजोबांचं टाकू का?" आम्ही दोघी एकदम नाही म्हणालो. जनरल रजिस्टरात एकदा गेलेलं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत मागे येतं आणि ते बदलायला पुढे चपला झिजतात. शेवटी त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने सक्तीचं केलंय. आमची लेक त्याआधीची, तिला तो नियम लागू नाही. पण त्या निर्णयामुळे 'मुलीच्या नावापुढे आईचं नाव' हे काकांना ऐकून तरी माहीत होतं. आईच्या रकान्यात जोडीदाराचं नाव गेलं, पालकाच्या रकान्यात माझं. नातं? काकांनी विचारलं आणि आम्ही काही बोलायच्या आत स्वतःच लिहिलं: 'सांभाळ करणारी'.

कागद झाले. आता वर्ग.

पहिलीच्या वर्गाला एक ताई आहेत, वयाने लहान, आणि त्यांनी जे केलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं असेल असं वाटत नाही. आपल्या पुण्यात समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट काढणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत समलैंगिकतेवर बरंच लिहून ठेवलंय. मुख्याध्यापिकाबाईंसाठी मी त्यातलं थोडं नेलंही होतं. पण सहा वर्षांच्या पोराने मधल्या सुट्टीत विचारलं तर काय सांगायचं, हे ताईंना स्वतःच ठरवावं लागलं.

'माझे कुटुंब' हा तक्ता दरवर्षी होतो. आईचा फोटो, बाबांचा फोटो, मधे मूल. ताईंनी सूचना बदलली: 'तुमच्या घरी रात्री जे जे झोपतात त्यांचे फोटो किंवा चित्रं'. आमच्या लेकीने दोन आया आणि मांजर लावलं. एका मुलाने आजी-आजोबाच लावले, कारण त्याचे आईवडील सोलापूरला नोकरीला. एकीचे बाबा जहाजावर असतात, तिने विचारलं, सहा महिने झोपतात तर लावू का? एकाने तर रात्रपाळीमुळे बाबांना दिवसा झोपलेलं काढलं. तक्ते भिंतीवर लागले तेव्हा आमचा त्यात शोधावा लागला. शाळेने काय करावं असं मला कोणी विचारलं तर मी त्या सूचनेचं वाक्य सांगते. आमच्यासाठी वेगळा तास, वेगळं भाषण झालं असतं तर लेक पहिल्याच महिन्यात 'ती' मुलगी झाली असती.

प्रश्न आलेच. "तुझे बाबा कुठेयत?" घरी याची तालीम झाली होती, त्यामुळे ती म्हणाली, "मला बाबा नाहीत. आई आहे आणि माई आहे." समोरचा विचारात पडला. मग म्हणाला, "मला एकच आहे आणि ती पण ऑफिसला जाते." ताईंनी हे मला हसू दाबत सांगितलं. त्या मधे पडल्या नाहीत, एवढंच त्यांनी केलं. चिडवण्याचा प्रकार एकदाच झाला, तेव्हा मात्र त्यांनी त्याच दिवशी त्या मुलाच्या घरी फोन केला, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी कळवलं. हा क्रम मला बरोबर वाटतो.

मोठ्यांचं जरा जड गेलं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी 'संस्कार' या विषयावर लांबलचक फॉरवर्ड टाकलं, दोन जणांनी त्याला हात जोडले. एक गृहस्थ तुकडी बदलून मागायला थेट मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. बाई त्यांना म्हणाल्या म्हणे, "लेखी अर्ज द्या, जागा असेल तर बघू. फक्त कारणाच्या ओळीत काय लिहायचं ते नीट ठरवून लिहा, तो कागद फाइलला राहतो." अर्ज आला नाही.

जानेवारीतलं हळदीकुंकू हा आमचा धसका होता. माता-पालक संघ ते करतो आणि आम्ही दोघीही कागदोपत्री अविवाहित. पण गाठ सोडवली ती आमच्यामुळे नाही. वर्गातल्या एका मुलाचे वडील त्याच वर्षी गेले होते आणि त्याच्या आईला बोलवायचं की नाही यावर कुजबुज सुरू झाली. ताईंनी पत्रिकेवर 'तिळगूळ समारंभ, सर्व मातांसाठी' असं छापून टाकलं. आम्ही तिघी एकाच बाकावर बसलो. वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या मिळाल्या, आमच्या घरी त्या आता दोन आहेत.

कोणाला उपयोग होईल म्हणून कागदांचं सांगते. शाळेसाठी जोडीदाराने मला अधिकारपत्र दिलंय: मुलीला नेणं-आणणं, सभेला बसणं, तातडीच्या वेळी दवाखान्यात नेऊन उपचारांना संमती देणं. ते ५०० च्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून. एक प्रत शाळेत, एक आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे, आणि फोटोचं ओळखपत्र रिक्षाकाकांकडे. रिक्षाकाका सर्वांत कडक निघाले. ओळखपत्रावर चेहरा नाही तर मूल नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला त्यांनी परत पाठवलं होतं.

याहून मोठा कागद मृत्युपत्राचा. जोडीदाराला काही झालं तर लेक माझ्याकडे राहावी यासाठी आज कायद्यात एक वाट आहे: हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६, कलम ९. अविवाहित आई मृत्युपत्राने आपल्या मुलासाठी पालक नेमू शकते. त्या कलमात मुलाला अनौरस म्हटलंय. वकीलबाईंनी ती ओळ भरभर वाचली आणि पुढे गेल्या. आम्हीही गेलो, कारण काम त्याच ओळीतून होणार आहे.

मसुदा तयार आहे. सही आणि दुय्यम निबंधकांकडची नोंदणी व्हायची आहे. दोन साक्षीदार लागतात. एक आमच्या शेजारच्या काकू. दुसरा माझा भाऊ, जो बरीच वर्षं आमच्या घरी येत नव्हता. तो गणपतीत पुण्याला येतोय, तेव्हाची तारीख बघतोय.