आमची वाटचाल : लोक काय टाइप करतात, ते वाचत वाचत

आम्ही दोघांनी ग्राहकांसाठी गूगलवर जाहिराती चालवण्याचं काम सुरू केलं तेव्हा कॉम्प्युटरवर गूगलच्या निकालांच्या उजव्या बाजूलाही जाहिराती दिसायच्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती पट्टी गेली, जागा कमी झाल्या आणि प्रत्येक ग्राहकाचं एकच मागणं सुरू झालं, "आम्हाला पहिल्या नंबरवर आणा." आम्हीही बिड, म्हणजे एका क्लिकसाठी लावायची बोली, वाढवत सुटलो. खरं तर नुसत्या बोलीवर जागा ठरत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, लोक तिच्यावर क्लिक करण्याची शक्यता किती आणि क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे, हेही जागा ठरवणाऱ्या लिलावात धरलं जातं. हे आम्ही वाचलं होतं, पण अंगवळणी पडलं नव्हतं.

पडलं ते एका पंप दुरुस्तीच्या कामात. पहिल्या महिन्यात क्लिक भरपूर, ग्राहकाचा फोन मात्र गप्प. शेवटी सर्च टर्म्स रिपोर्ट उघडला. लोकांनी प्रत्यक्षात काय शोधलं होतं? 'पंप दुरुस्ती कोर्स'. 'पंप दुरुस्ती नोकरी'. 'पंप घरी कसा दुरुस्त करावा'. 'सायकलचा पंप'. ज्या शब्दांवर जाहिरात दिसावी तो कीवर्ड आम्ही ब्रॉड मॅचवर, म्हणजे दूरान्वयाने जुळणाऱ्या शोधांनाही चालेल असा, मोकळा सोडला होता आणि अशा प्रत्येक क्लिकचे पैसे ग्राहकाच्या खिशातून गेले होते. त्या दिवशी फार वाईट वाटलं. दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा आपल्या हातून असा गळतो, ही भावना मी अजून विसरलेलो नाही. आम्ही ती यादी घेऊन स्वतःच त्यांच्याकडे गेलो आणि त्या महिन्याची आमची फी घेतली नाही. त्यांनी काम आमच्याकडेच ठेवलं.

तेव्हापासून निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांची, यादी हा आमच्या कामाचा पाया आहे. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात : निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द ओळखत नाही. 'नोकरी' टाकलं म्हणून 'जॉब' आणि 'भरती' थांबत नाहीत, ते वेगळे टाकावे लागतात. नवीन कॅम्पेन उघडताना सेटिंगही तपासा. आपोआप निवडलेल्या पर्यायात तुमच्या भागात राहणाऱ्यांबरोबरच त्या भागात नुसता रस असलेल्यांनाही जाहिरात दिसते. डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवरही जाहिरात दाखवण्याची, खूणही काढायची राहून जाते.

दुसरी चूक मोजणीची. एका अकाउंटमध्ये चौकशा अचानक दुपटीच्या घरात दिसू लागल्या आणि आम्ही खूश झालो. ग्राहक म्हणाला, "अहो, माझ्याकडे तर तेवढ्या आल्याच नाहीत." फॉर्म भरल्यावर येणारं 'धन्यवाद' पान कुणी रिफ्रेश केलं की आमच्या मोजणीत आणखी एक चौकशी पडत होती. एका क्लिकमागे एकच कन्व्हर्जन (इथे चौकशी) मोजा, असं सेटिंग करायला हवं होतं. ऑटोमॅटिक बिडिंग असेल, म्हणजे बोली गूगलची यंत्रणाच ठरवत असेल, तर ही चूक महागात पडते, कारण यंत्रणा तुम्ही ज्याला यश म्हणाल त्याच्याच मागे धावते. आता आम्ही ग्राहकांकडून कोणती चौकशी प्रत्यक्ष कामात उतरली ते मागवतो आणि तेच परत अकाउंटमध्ये भरतो.

लँडिंग पेजवर, म्हणजे क्लिकनंतर उघडणाऱ्या पानावर, तर मी तासभर बोलू शकेन. एका पानावर फोन नंबर चित्रात टाकलेला होता. मोबाइलवर त्याला बोट लावलं तरी फोन लागेना! जाहिरातीत काहीही न बदलता तेवढंच दुरुस्त केलं आणि फोन वाढले.

आज आमच्याकडे नवीन रुजू होणारा माणूस पहिले काही आठवडे बिडला हात लावत नाही, फक्त सर्च टर्म्स वाचतो. मध्यंतरी त्याच पंपवाल्या ग्राहकाच्या यादीत अशाच एका नवख्या मुलीला 'पंपातून खडी पडल्यासारखा आवाज' हा शोध दिसला. तिने थेट त्यांच्या मेकॅनिकला फोन लावला. पंपाला आत येणारं पाणी अपुरं पडलं की बुडबुडे होऊन फुटतात, त्याचा तो आवाज, असं त्यांनी समजावून सांगितलं. तिने त्यांच्याच शब्दांत एक पान लिहिलं, त्याला वेगळा अ‍ॅड ग्रुप (कीवर्ड आणि जाहिरातींचा संच) केला. 'दुरुस्ती' हा शब्द न वापरता आपलं दुखणं सांगणारे लोक आता त्या पानावर येतात आणि पंप चालू असतानाच फोन करतात, मागून तो आवाज मेकॅनिकला ऐकू येतो.