मोहोर आणि थंडी

आज देवगडला काकांच्या आंब्याच्या बागेत गेले होते. एप्रिल अर्धा सरला, तरी शेडमध्ये रिकामी खोकी तशीच रचलेली. "थंडीच पडाक नाय, तर मोहोर खंयसून येतलो?" काका एवढंच बोलले.

हापूसला मोहोर धरायला पावसानंतर कोरडी हवा आणि गार रात्री लागतात. पाऊस रेंगाळला की मोहोराऐवजी पालवी फुटते. उशिरा थंडी पडली की पुन्हा मोहोर येतो आणि आधी धरलेली कणी, म्हणजे बारीक फळं, गळून जाते. त्यावर तुडतुडे, फुलकिडे. मग फवारण्या वाढतात, पेट्या घटतात. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने तर झाडावरचा तयार आंबा पाडला. तो विषय घरात अजून कुणी काढत नाही.

२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा किती आनंद झाला होता! पण ती चव इथल्या हवेचीच आहे, आणि हवाच बदलतेय. आंब्यावर फक्त बागायतदार जगत नाही. खोकीवाले, टेम्पोवाले, कॅनिंगमधल्या बायका, नेपाळहून आलेले राखणदार, सगळ्यांचं वर्ष या दोन महिन्यांवर चालतं. रात्रभर तेच डोक्यात राहणार.

निघताना काकूने पिशवीत सहा आंबे घातले. दरवर्षी पेटी असायची.