जिंकू दिलं तर चिडली
आज लेकीसोबत बुद्धिबळ खेळताना नेहमीसारखा मुद्दाम वजीर मारू दिला, म्हटलं खूश होईल पोरगी, तर म्हणाली बाबा हे चीटिंग आहे, मला असं नकोय जिंकायला. झालं, परत डाव मांडला, खरा खेळलो, ती हरली, पण रडली नाही, उलट कुठे चुकलं ते विचारत बसली.

मला उगाच टोकियो ऑलिम्पिकची उंच उडी आठवली, २०२१ ची. कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी, दोघांनी २.३७ मीटर पार केलं, २.३९ कुणालाच जमेना, मग जंप ऑफ (बरोबरी तोडायला आणखी उड्या) न करता दोघांनी गोल्ड घेतलं. तेव्हा हे काय जिंकणं झालं का असं म्हणणारा मीच 😅

आता ती झोपलीये आणि मी एकटाच तो डाव परत लावून बघतोय, मधे एका चालीला तीच पुढे होती राव.