बाथर्स्ट सिक्स अवर: मुक्काम डोंगरावरच करा, गावातल्या मोटेलात नको

सुरुवातीलाच सांगून टाकतो. ईस्टरला ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टची सहा तासांची कार रेस बघायला जाणार असाल तर ट्रॅक ज्या डोंगरावर आहे त्याच्या माथ्यावर तंबू ठोका. गावात मोटेल घेऊ नका. आणि ज्या मोटेलाच्या जाहिरातीत 'ट्रॅकपासून चालत अंतरावर' असं लिहिलंय, तिथे तर पाऊलही टाकू नका. त्या तीन शब्दांपायी आमचे ११७० डॉलर गेले, शनिवारची सकाळ गेली आणि भाच्याचा गुडघा सुजला.

हिशेब असा. एरवी दीडशे डॉलरला मिळणारी खोली ईस्टरला ३९० ची होते. एका रात्रीसाठी देत नाहीत, तीन रात्री घ्याव्याच लागतात आणि रद्द केली तर एक पैसा परत नाही. हे सगळं मान्य करून पैसे भरले, कारण वाटलं की सकाळी उठून डबा घ्यायचा आणि चालत निघायचं. पण त्या डोंगरावरचा, म्हणजे माउंट पॅनोरमाचा, ट्रॅक ६.२१३ किलोमीटरचा आहे. एवढ्या वेटोळ्याच्या नेमक्या कुठल्या टोकापर्यंत चालत, हे जाहिरातीत नव्हतं. आमचं मोटेल खाली, ट्रॅकच्या मरीज कॉर्नर या वळणाच्या बाजूला. तिथून मोटर रेसिंगचं राष्ट्रीय संग्रहालय खरंच जवळ आहे. रेस जिथे बघायची तो माथा मात्र १७४ मीटर वर, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला.

काउंटरवरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, वर जायला दिवसभर बस आहे, अमुक कोपऱ्यावर उभे राहा. शनिवारी सकाळी सातला त्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलो. आठ वाजले. तिथे बसचा थांबाच नव्हता. शेवटी कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजींनी सांगितलं की इथून कधीच बस सुटत नाही. तोवर पहिल्या सरावाच्या गाड्यांचे आवाज यायला लागले होते, म्हणून म्हटलं, चला, चढू.

हा चढ नीट समजून घ्या, कारण याबद्दल कुणीच सांगत नाही. हेल कॉर्नर या वळणापर्यंत सपाटी आहे. पुढे माउंटन स्ट्रेट या सरळ रस्त्याच्या कडेने एक किलोमीटरभर हलका चढ लागतो, तोही काही वाटत नाही. ग्रिफिन्स बेंडच्या वळणानंतर कटिंग सुरू होतं आणि तिथे खरी परीक्षा आहे. कटिंग म्हणजे खिंडच. ट्रॅकचा चढ तिथे साधारण सहाला एक असा आहे, म्हणजे सहा मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. आपण ट्रॅकवरून नाही, कुंपणाबाहेरच्या उंचसखल पायवाटेवरून जातो. रात्री पाऊस झाल्यामुळे माती निसरडी झाली होती आणि खाली सुटी खडी. दोघांच्या मध्ये बारा-तेरा किलोची आइसबॉक्स, दोन घडीच्या खुर्च्या, पाठीवर सॅक. सिंहगड आम्ही दोघांनी शेकडो वेळा चढलाय आणि उंचीच्या हिशेबात हा चढ त्याच्यापुढे काहीच नाही. पण सिंहगडावर कुणी आइसबॉक्स घेऊन जात नाही. "मामा, आपण हे गाडीत का नाही ठेवलं?" असं भाच्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा पाय खडीवरून सरकला आणि गुडघा दगडावर आपटला. माथ्यावरच्या मॅकफिलामी पार्कला पोचलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि पहिला सराव संपला होता.

तर, चालत जायचंच असेल तर हात मोकळे ठेवा. ट्रेकिंगचे बूट घाला. स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत, मी तेच घातले होते. बस कुठून, किती वाजता सुटते आणि शेवटची परतीची कधी, हे फक्त प्रवेशद्वारावरच्या फलकावर बघा. मोटेलवाल्याच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. रविवारी आम्ही तसंच केलं आणि सुखरूप वर पोचलो.

वर पोचल्यावर मात्र सगळं विसरायला झालं.

मॅकफिलामीच्या कुंपणाला टेकून उभं राहिलं की गाड्या डावीकडे झुकत येतात, स्कायलाइनला क्षणभर आकाशाच्या रेषेवर दिसतात आणि मग खाली पडल्यासारख्या नाहीशा होतात. पलीकडे एसेसची वळणं आहेत, फॉरेस्ट्स एल्बो आहे आणि त्यानंतर कॉनरॉडचा लांबलचक उतार. ट्रॅकचा हा वरचा भाग इतका अरुंद की एका गाडीला दुसरी ओलांडणं जवळजवळ अशक्य. आणि ही रेस आहे प्रॉडक्शन कारची, म्हणजे शोरूममध्ये मिळतात त्याच गाड्या. आत सुरक्षेचा पिंजरा, रेसिंगची सीट, टायर, ब्रेक आणि सस्पेंशनमध्ये नियमात बसतील तेवढे बदल. वेगवेगळ्या क्षमतेचे सगळे वर्ग एकाच वेळी ट्रॅकवर असतात. बीएमडब्ल्यू एम४ आणि मस्टँगच्या जोडीला टोयोटा ८६, सुबारू डब्ल्यूआरएक्स, ह्युंदाईची आय३० एन.

म्हणून इथली खरी लढाई गर्दीशी असते. रविवारी दुपारी एक टोयोटा ८६ रीड पार्कपासून आपल्या वर्गातल्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजत येत होती आणि तिच्या मागे दुप्पट ताकदीची एम४ अडकली होती. बाजूने जायला इंचभर जागा नाही. सबंध माथा एम४ तशीच मागे मागे फिरली, स्कायलाइनवरून उतरली, एल्बोच्या वळणावर थोपवून धरली आणि कॉनरॉडला लागताच बाणासारखी सुटली. एवढ्या एका फेरीत तिचे काही सेकंद गेले. हे सहा तास चालतं. नुसती वेगवान गाडी असून भागत नाही. कुणाला कुठे ओलांडायचं आणि कुठे दम धरायचा, हे कळणारा ड्रायव्हर लागतो. खालच्या स्टँडमध्ये बसलेल्याला यातलं काही दिसत नाही. त्याला सरळ रस्त्यावरून गाड्या जाताना दिसतात, बस.

आणखी एक गोष्ट वरूनच कळते: ब्रेक. दीड टनाच्या वरची गाडी डोंगरावरून खाली आणायची, कॉनरॉडवर पूर्ण वेग घ्यायचा आणि १९८७ मध्ये तयार केलेल्या चेसच्या वळणावर तो पुन्हा मोडायचा. रस्त्यावरच्या गाडीला हे फेरीमागून फेरी झेपत नाही. पॅड तापतात, ब्रेकचं तेल उकळायला लागतं, पेडल मऊ होतं. तिसऱ्या-चौथ्या तासाला एसेसच्या बाजूने करपलेल्या पॅडचा वास वाऱ्यावर आला आणि शेजारच्या खुर्चीतले आजोबा म्हणाले की आता खरी रेस सुरू झाली. त्यांचं बरोबर होतं. शेवटच्या दोन तासांत ज्यांनी आधी ब्रेक राखले होते तेच पुढे सरकले.

या डोंगराला अशा गाड्यांची जुनी सवय आहे. ५०० मैलांची आर्मस्ट्राँग रेस १९६० मध्ये फिलिप आयलंडला सुरू झाली, १९६२ मध्ये तिथला रस्ता गाड्यांखाली उखडला आणि १९६३ मध्ये ती इथे आली. त्या वर्षी हॅरी फर्थ आणि बॉब जेन यांनी फोर्ड कॉर्टिना जीटी जिंकवली. १९६६ मध्ये पहिले नऊच्या नऊ क्रमांक मिनी कूपर एसने घेतले. तीच रेस पुढे हजार किलोमीटरची आणि खास बांधलेल्या सुपरकारची झाली. ईस्टरची सहा तासांची रेस २०१६ पासून पुन्हा शोरूमच्या गाड्यांना डोंगरावर आणते. मोठे ड्रायव्हरही येतात. शेन व्हॅन गिसबर्गेनने २०२१ मध्ये ही रेस बीएमडब्ल्यू एम२ मधून जिंकली, तीही कॉलरबोन मोडल्याला काही आठवडेच झालेले असताना. त्याच ट्रॅकवर स्वतःच्या खर्चाने उतरलेला हौशी ड्रायव्हरही असतो. मला सुपरकारपेक्षा ही रेस कितीतरी जास्त आवडते. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते तीच गाडी तिथे जिवाच्या आकांताने पळताना दिसते.

आता थंडी. एप्रिल म्हणजे तिकडे शरद ऋतू, म्हणून मी एक जॅकेट घेऊन गेलो. चूक. बाथर्स्ट समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे, माथा त्याहून वर. सकाळी बोटं आखडतात, दुपारी ऊन मान भाजतं, चारनंतर वारा अंगात शिरतो. थर्मल, कानटोपी, हातमोजे, रेनकोट आणि सनस्क्रीन हे सगळं एकाच दिवसात लागतं. कानांसाठी जाड मफ मात्र विकत घेऊ नका. या गाड्यांचा आवाज सुपरकारएवढा नसतो, साधे इअरप्लग पुरतात.

खाण्याचं गुरुवारीच बघा. बाथर्स्टच्या न्यू साउथ वेल्स राज्यात गुड फ्रायडेला आणि ईस्टर रविवारी बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात. तिथे जाऊन सुपरमार्केटमधून घेऊ म्हणालात तर उपास घडेल. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि उकडलेले बटाटे नेले होते, तेवढ्यावर तीन दिवस निघाले. चहाचा थर्मास मोठा घ्या. आमचा अर्ध्या लिटरचा होता, तो साडेनऊलाच संपला.

सिडनीहून अंतर २०० किलोमीटर, एरवी तीन तास. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी चारला वेस्टमीडहून निघालो आणि साडेनऊला पोचलो. काटूंबा ते माउंट व्हिक्टोरिया नुसते लाल दिवे बघत बसलो. एक तर पहाटे निघा, नाहीतर रिचमंड-बिलपिनवरून बेल्स लाइन ऑफ रोड धरा. घाई करून वेग वाढवू नका, या सुट्टीत दंडाचे डिमेरिट पॉइंट, म्हणजे लायसन्सवर जमा होणारे वाईट गुण, दुप्पट लागतात. गाडी नसेल तर सिडनीच्या सेंट्रल स्टेशनहून बाथर्स्ट बुलेट ही ट्रेन आहे, सिडनीचं प्रवासाचं ओपल कार्ड चालतं. पण स्टेशनपासून ट्रॅक चारेक किलोमीटरवर आहे, आणि 'चालत अंतर' म्हणजे काय ते आता तुम्हाला माहीत आहे. ईस्टर एप्रिलच्या पहिल्या रविवारी आला तर त्याच पहाटे घड्याळ एक तास मागे जातं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही.

ट्रॅक एरवी सार्वजनिक रस्ता आहे. रेस नसताना स्वतःची गाडी घेऊन एक फेरी जरूर मारा, ताशी ६० च्या मर्यादेत, कारण पोलीस असतात. मी आधीच्या जूनमध्ये मारली होती. साठच्या वेगातही स्कायलाइनवर बॉनेटच्या पुढे रस्ता दिसत नाही, तेव्हा पोटात गोळा येतो. ती फेरी मारलेली असली की रेस दुप्पट कळते.

त्या मोसमात आम्ही आणखी तीन ठिकाणी प्रॉडक्शन कार बघितल्या. सिडनी मोटरस्पोर्ट पार्क घराजवळ, दिवस छान गेला. क्वीन्सलँड रेसवे सपाट आहे, एका जागी बसून सगळं दिसतं. फिलिप आयलंडला समुद्र सुंदर दिसतो आणि वारा फार. तिन्हीकडे तिकीट काढा, खुर्ची टाका, बघा. तयारी लागते ती बाथर्स्टला.

रविवारी झेंडा पडल्या पडल्या गाडीकडे धावू नका. आम्ही धावलो, आणि बाहेर पडायला दीड तास लागला. आजोबा मात्र तंबूपुढे शेगडीवर सॉसेज परतत बसले होते. जाताना त्यांना विचारलं, जागा कधी राखून ठेवता? म्हणाले, बुकिंग उघडतं त्या दिवशी, त्या तासाला. मी फोनमध्ये आठवण लावून ठेवली आहे. भाचाही येतोय, या वेळी आइसबॉक्स गाडीतून थेट तंबूपर्यंत जाईल.